पंधरा दिवसांचा पाहुणा

परदेशांतून आलेला पाहुणा आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांस नवा नाहीं. सुटीचे तीन-चार आठवडे हातीं धरून कोणी शिक्षक, कोणी पाळक, तर कधीं विद्यार्थ्यांचा एखादा जथा समुद्र ओलांडून येतो. खेडोपाडींच्या पाळकांस एकत्र जमवितो. दुभाष्याच्या साह्यानें त्यांस पवित्र शास्त्राचे पाठ देतो. आणि निरोपाच्या सभेंत गळ्यांत हार घालून घेऊन परत जातो. अलीकडे आपल्याकडील तरुणही अशाच सेवेसाठीं परमुलखीं जाऊं लागले आहेत. आमच्या वाचकांपैकीं कित्येक विद्यार्थ्यांच्या वांट्यास पुढें हें काम येईल, व कित्येक पालकांस आपल्या मुलास अशा प्रवासास धाडावें कीं न धाडावें, हा प्रश्न सोडवावा लागेल.

या अल्पकाळच्या सेवेविषयीं दोन टोकांचीं मतें ऐकूं येतात. कोणी म्हणतात, पंधरा दिवसांत काय शिकवून होणार? ज्यास गांवची भाषा येत नाहीं, माणसें ठाऊक नाहींत, त्यानें जन्मभर तेथें राबणाऱ्या पाळकास शिकवूं जाणें हा केवळ हौसेचा भाग आहे. दुसरे म्हणतात, जो उत्साहानें येतो त्याचें स्वागत करावें. थोडें कां होईना, कांहीं तरी लाभ होतोच. आम्हांस वाटतें, दोन्ही पक्ष दिवस मोजीत बसतात आणि खरा प्रश्न बाजूस राहतो. शिकविणारा काय शिकवितो, कोणास शिकवितो, आणि तो गेल्यावर मागें काय उरतें, हा खरा प्रश्न होय. याचें उत्तर तर्कानें शोधण्यापेक्षां इतिहासांतील एका घटनेवरून शोधणें बरें. ती घटना म्हणजे १८९० सालच्या जून महिन्यांत कोरिया देशाच्या सेऊल या राजधानींत एका वृद्ध मिशनऱ्यानें केलेला अवघ्या दोन आठवड्यांचा मुक्काम.

या गृहस्थाचें नांव जॉन लिव्हिंग्स्टन नेव्हिअस. १८२९ सालीं अमेरिकेंतील न्यूयॉर्क प्रांतांत त्यांचा जन्म झाला. १८५४ सालीं ते चीन देशांत आले, व पुढें शांतुंग प्रांतांतील चिफू या बंदरीं त्यांनीं आपलें बिऱ्हाड थाटलें. त्या शहरास आज यांताई म्हणतात. चीनमध्यें त्यांची एक निराळीच कीर्ति आहे. १८७१ सालीं त्यांनीं परदेशांतून सफरचंदाच्या उत्तम जाती आणविल्या आणि तेथील देशी झाडांवर त्यांचीं कलमें केलीं. यांताईचीं सफरचंदें आज चीनभर प्रसिद्ध आहेत, तीं त्याच बागेच्या वंशांतलीं. कोंकणांत ज्यांनीं आंब्याचें कलम बांधलेलें पाहिलें आहे, त्यांस हें सांगावयास नको कीं कलमाची काडी कितीही गोड जातीची असली तरी तिला रस पुरवितो तो जमिनींत मूळ धरलेला खुंटच. काडी नुसतीच मातींत खोंचून ठेवली तर चार दिवस हिरवी दिसते, आणि पांचव्या दिवशीं वाळते. नेव्हिअस साहेबांनीं मंडळीच्या कामांतही हेंच तत्त्व ओळखलें, असें त्यांच्या लेखनावरून दिसून येतें.

त्या काळची रूढ रीत अशी होती: एखादा हुशार मनुष्य ख्रिस्ती झाला कीं मिशनरी त्यास पगार देऊन उपदेशकाच्या जागीं नेमीत. वरवर पाहतां यांत गैर कांहींच दिसत नाहीं. परंतु शांतुंगच्या खेड्यांतून वर्षानुवर्षें हिंडल्यावर नेव्हिअस यांस त्यांतील दोष कळून आले. जो सुतार किंवा शेतकरी काल आपल्या शेजाऱ्यांस स्वतःच्या विश्वासाची गोष्ट सांगत होता, तो आज पगारी झाला. तेव्हां शेजारी म्हणूं लागले, 'हा बोलतो तें परक्याच्या पैशासाठीं.' त्याच्या गांवची लहानशी मंडळी तर आपल्या एकुलत्या पुढाऱ्यास मुकली. इतर नवशिष्य आपलीही अशी नेमणूक व्हावी म्हणून वाट पाहत बसले, आणि ज्यांची झाली नाहीं ते रुसले. शेवटीं परदेशांतील निधि आटला कीं कामही आटलें. हे विचार त्यांनीं १८८५ सालापासून चीनमधील मिशनऱ्यांच्या एका मासिकांत क्रमशः प्रसिद्ध केले, व पुढें ते पुस्तकरूपानेंही निघाले.

आतां कोरियाकडे वळूं. त्या देशांत शुभवर्तमान मिशनऱ्यांच्या आधींच पोंचलें होतें. मांचुरियांतील मुकडेन शहरीं जॉन रॉस नांवाचे स्कॉच मिशनरी कांहीं कोरियन सहकाऱ्यांच्या मदतीनें नव्या कराराचें भाषांतर करीत होते. त्यांतील लूकचें शुभवर्तमान १८८२ सालीं छापून निघालें, व १८८७ सालीं सबंध नवा करार पुरा झाला. या सहकाऱ्यांपैकीं सो सांग-र्युन यांनीं तें वाङ्मय स्वदेशीं नेलें, आणि सोरे नांवाच्या समुद्रकांठच्या खेड्यांत विश्वासणाऱ्यांची एक लहान मंडळी उभी राहिली. अमेरिकेहून अंडरवुड व ॲपेन्झेलर हे दोघे तरुण मिशनरी १८८५ सालच्या एप्रिलमध्यें कोरियाच्या किनाऱ्यास लागले. १८९० सालीं प्रेस्बिटेरियन मिशनचे तेथील सर्व कार्यकर्ते वयानें तरुण व अनुभवानें कोवळे होते. काम वाढूं लागलें होतें. परंतु तें कोणत्या पायावर उभारावें हें ठरलें नव्हतें. म्हणून त्यांनीं छत्तीस वर्षांच्या अनुभवाचे नेव्हिअस यांस पाचारण केलें, आणि ते आले.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. नेव्हिअस यांस कोरियन भाषा येत नव्हती, व दीक्षा पावलेला असा एकही कोरियन पाळक त्या वेळीं अस्तित्वांत नव्हता. कोरियन लोकांपुढें मोठमोठीं व्याख्यानें देण्याचा खटाटोप त्यांनीं केला नाहीं. जे तेथें कायम राहणार होते, भाषा शिकत होते, व पुढें कोरियन पाळक तयार करणार होते, त्यांच्याबरोबर बसून त्यांनीं आपला अनुभव, त्यांतील यश आणि चुका, उलगडून सांगितला. पंधरा दिवसांनीं पाहुणा निघून गेला. परंतु पुढील वर्षीं मिशननें त्याचीच पद्धति आपली म्हणून स्वीकारली. इतकेंच नव्हे, तर नव्यानें येणाऱ्या प्रत्येक मिशनऱ्याच्या हातीं नेव्हिअस यांचें पुस्तक देण्याची वहिवाट पडली.

त्या पद्धतीचीं मुख्य सूत्रें चार आहेत. पहिलें असें कीं प्रत्येक ख्रिस्ती मनुष्यानें ज्या धंद्यांत तो होता त्यांतच राहावें, स्वकष्टानें पोट भरावें, आणि आपल्या शेजारीपाजारीं विश्वासाची साक्ष द्यावी. दुसरें, मंडळीची व्यवस्था व तिचीं साधनें तितकींच वाढवावीं, जितकीं तेथील लोकांस स्वतः चालवितां येतील. तिसरें, जे अधिक योग्य ठरतील व ज्यांचा खर्च मंडळी स्वतः सोसूं शकेल, त्यांसच पूर्ण वेळच्या सेवेसाठीं निराळें काढावें. चौथें, उपासनामंदिरें लोकांनीं स्वतः, देशी बांधणीचीं व आपल्या ऐपतीप्रमाणें बांधावीं. सोरे गांवच्या मंडळीनें १८९५ सालीं परक्या पैशावांचून, स्वतःच्या द्रव्यानें व श्रमानें आपलें मंदिर उभारलें, तें या चौथ्या सूत्राचें पहिलें ठळक उदाहरण होय.

परंतु पगार नाहीं, परदेशीं देणगी नाहीं, असें नुसतें नकाराचें धोरण ठेवून मंडळी वाढत नसते. ज्यांच्यावर भार टाकावयाचा त्यांस तो पेलण्याचें बळ दिलें पाहिजे. हें बळ देणारें साधन म्हणजे शास्त्राभ्यासाचे वर्ग, आणि हाच या पद्धतीचा प्राण होय. सेऊल येथें १८९० सालीं भरलेल्या पहिल्या वर्गास अवघे सात जण होते. पुढें हे वर्ग शेतीचीं कामें आटोपल्यावर, हिवाळ्याच्या दिवसांत, दहा-पंधरा दिवस भरूं लागले. लोक दूरदूरच्या खेड्यांतून पायीं येत. शिधा म्हणून आपापले तांदूळ बरोबर आणीत. राहण्याचा व जेवण्याचा खर्च ज्याचा त्यानें करावयाचा, असा नियम होता. सकाळीं प्रार्थना व पाठ, दुपारनंतर गटागटानें गांवांत जाऊन लोकांशीं बोलणें, आणि रात्रीं सार्वजनिक सभा, असा साधारण क्रम असे. वाचतां न येणाऱ्यापासून मुरलेल्या पुढाऱ्यापर्यंत ज्याच्या त्याच्या इयत्तेप्रमाणें गट पाडीत. मुख्य गोष्ट पुढेंच आहे: मोठ्या वर्गांत शिकलेला मनुष्य आपल्या गांवीं परत गेला कीं तेच पाठ घेऊन तेथें चार-सहा दिवसांचा लहान वर्ग चालवी. अशा रीतीनें एका ठिकाणीं पेरलेलें दाणें शंभर ठिकाणीं उगवे, आणि प्रत्येक ऐकणारा हा उद्यांचा शिकविणारा होई. १९०७ सालच्या जानेवारींत प्योंगयांग शहरीं भरलेल्या अशाच एका वर्गास हजाराच्या आसपास पुरुष जमले होते, व तेथूनच कोरियांतील सुप्रसिद्ध धर्मजागृतीचा वणवा पेटला.

ज्याच्याजवळ पैसा नव्हता तो दिवसांचें दान करी. वर्षांतील अमुक इतके दिवस मी आपला धंदा बाजूस ठेवून शुभवर्तमान सांगण्यांत घालवीन, असें वचन लोक मंडळीपुढें देत. १९०९-१० सालच्या मोहिमेंत अशा रीतीनें अर्पण झालेल्या दिवसांची संख्या सुमारे एक लाख भरली. गरीब शेतकऱ्याजवळ रुपया नसतो, पण हिवाळ्यांत दिवस असतो, हें ज्यांनीं ओळखलें त्यांस लोकांची नाडी सांपडली होती, असेंच म्हणावें लागेल.

दुसरी महत्त्वाची बाब भाषेची. कोरियन विद्वानांस त्या काळीं चिनी लिपीचा अभिमान असे. पंधराव्या शतकांत सेजोंग राजानें प्रजेसाठीं करविलेली सोपी देशी लिपि त्यांस हलकी वाटे. मिशनऱ्यांनीं आपलें वाङ्मय याच देशी लिपींत छापावयाचें ठरविलें. ही लिपि थोड्या आठवड्यांत शिकतां येते. त्यामुळें नांगर धरणारा शेतकरी व चुलीपुढील स्त्री यांच्याही हातीं पुस्तक आलें. शास्त्र वाचण्यासाठीं म्हणून अक्षरें शिकलेल्या हजारों स्त्रियांस त्यांच्या आयुष्यांत दुसरी शाळा मिळालीच नव्हती.

आतां पाळकांच्या शिक्षणाकडे पाहूं. १९०१ सालीं सॅम्युअल मॉफेट यांनीं प्योंगयांग येथें आपल्या घरांत दोन विद्यार्थ्यांनिशीं पाळकांची शाळा उघडली. अभ्यासक्रम पांच वर्षांचा होता. परंतु वर्षांतील तीनच महिने विद्यार्थी शाळेंत बसत, आणि उरलेले नऊ महिने आपापल्या मंडळ्यांत काम करीत. शिकलेलें लगेच कामास लावावयाचें, आणि कामांत आलेल्या अडचणी पुढील वर्षीं वर्गांत घेऊन यावयाच्या, असा हा क्रम होता. १९०७ सालीं पहिले सात विद्यार्थी उत्तीर्ण झाले, आणि १७ सप्टेंबर १९०७ रोजीं कोरियाची स्वतंत्र प्रेस्बिटरी स्थापन होऊन त्या सातांस पाळकपदाची दीक्षा मिळाली.

हे सात जण कोण होते हें पाहिलें म्हणजे या शिक्षणाची किंमत कळते. त्यांतील हान सोक-जिन यांस १८९४ सालीं प्योंगयांगच्या अधिकाऱ्यांनीं विश्वासापायीं तुरुंगांत टाकलें, मारहाण केली, व देहान्ताचा धाक घातला. तरी ते ढळले नाहींत. दुसरे यी गी-पुंग. तारुण्यांत यांनीं मॉफेट साहेबांस दगड मारला होता, असें सांगतात. तेच पुढें मॉफेट यांच्या शाळेंत शिकले, आणि नवी मंडळी आपला पहिला मिशनरी म्हणून कोणास पाठवूं असा विचार करूं लागली, तेव्हां जेजू या दूरच्या बेटावर गेले. परक्यांस दगड मारणारा स्वतःच परक्या किनाऱ्यावर जाऊन उभा राहिला. अशीं माणसें पगाराच्या आशेनें घडत नाहींत.

या कथेचा एक धागा आपल्या महाराष्ट्राशींही जोडलेला आहे. मंडळीनें आपला कारभार आपण चालवावा, आपला खर्च आपण सोसावा, आणि आपला प्रसार आपण करावा, हें तीन पदरी तत्त्व नेव्हिअस यांच्यापूर्वीं लंडनचे हेन्री व्हेन व बोस्टनचे रूफस अँडरसन यांनीं मांडलें होतें. नेव्हिअस ज्या सालीं चीनला पोंचले, त्याच १८५४ सालीं अँडरसन हे अमेरिकन बोर्डाचे चिटणीस म्हणून मुंबईस उतरले व तेथून अहमदनगरास गेले. त्यांचाही मुक्काम अल्पच होता. लोकांच्या भाषेंतून शिकवा, खेड्याखेड्यांतून लहान मंडळ्या उभारा, आणि त्यांवर देशी पाळक नेमा, हा त्यांचा आग्रह होता. त्या भेटीनंतर मिशनच्या इंग्रजी शिक्षणास ओहोटी लागली, आणि तें बरें झालें कीं वाईट झालें याविषयीं पुढें पुष्कळ वाद माजला. शाळेंतील मुलांस व त्यांच्या आईबापांस तो निर्णय जाचला असल्यास नवल नाहीं. पाहुण्याचा शब्द जड असतो. तो चार दिवसांत निघून जातो, परंतु त्याच्या शब्दाचे परिणाम दुसऱ्यांचीं मुलें पिढ्यान्‌पिढ्या भोगतात. म्हणून पाहुण्यानें बोलण्यापूर्वीं ऐकावें, हें बरें.

नेव्हिअस यांच्या पद्धतीसही दुसरी बाजू आहे, ती लपवून ठेवणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. त्यांच्याच प्रांतांतील त्यांचे सहकारी कॅल्व्हिन मटीर यांनीं १९०० सालीं या पद्धतीवर कडक टीका प्रसिद्ध केली. शांतुंगमध्यें ती अपेक्षेप्रमाणें फळली नाहीं, असें त्यांचें म्हणणें होतें. तीच पद्धति कोरियांत फळली, याचीं कारणें केवळ पद्धतींत शोधून भागणार नाहीं. १८९४-९५ सालचें चीन-जपान युद्ध कोरियाच्या भूमीवरही लढलें गेलें. १९१० सालीं तो देश जपाननें गिळंकृत केला. जुने आधार कोसळत असतां लोक नव्या आधाराकडे वळले. शिवाय आरंभीं पाळकांचें शिक्षण सामान्य लोकांच्या शिक्षणापेक्षां थोडेंच वर ठेवावें, असें धोरण मिशनऱ्यांनीं आंखलें होतें. हेतु असा कीं पाळक व लोक यांत अंतर पडूं नये. परंतु यामुळें विचाराच्या क्षेत्रांत मंडळी मागें राहिली, अशी टीका पुढें झाली, आणि ती अगदींच निराधार नाहीं. असें असलें तरी, १९३८ सालीं जपानी सरकारनें शिंतो देवस्थानापुढें वंदन करण्याची सक्ति केली, तेव्हां प्योंगयांगची ती पाळकशाळा शरण न जातां बंद झाली, ही गोष्टही विसरतां कामा नये.

या सर्व वृत्तान्तावरून थोड्या दिवसांसाठीं परदेशीं शिकवावयास जाणाऱ्यानें काय बोध घ्यावा? आमच्या मतें तो असा. ज्यांस तेथें राहावयाचें आहे त्यांस शिकवावें. त्यांच्या डोक्यावरून लोकांची गर्दी जमवूं नये. दहा विषयांचा फराळ वाढण्यापेक्षां एकच विषय पोटभर द्यावा; कारण दुभाष्यामार्फत बोलतांना निम्मा वेळ भाषांतरांत जातो, आणि घाईनें सांगितलेलें घाईनेंच विसरलें जातें. पाठ असा असावा कीं ऐकणारा पाळक दुसऱ्या आठवड्यांत आपल्या गांवीं, आपल्या भाषेंत, आपल्या उदाहरणांनीं तो पुन्हां शिकवूं शकेल; जो पाठ पाहुण्याच्या यंत्रावांचून किंवा पुस्तकसंग्रहावांचून शिकवितां येत नाहीं, तो पाहुण्याबरोबरच परत जातो. वर्ग पेरणीच्या किंवा कापणीच्या दिवसांत ठेवूं नये; आपल्या सुटीपेक्षां त्यांची सवड पाहावी. पैशाविषयीं मोघम आशा दाखवूं नये. न पाळलेलें एक वचन दहा प्रवचनांचा परिणाम धुऊन टाकितें. आणि शेवटचें म्हणजे, शिकतां यावें म्हणूनही जावें. ज्या पाळकानें वीस वर्षें एका खेड्यांतील आजारी माणसांच्या उशाशीं रात्री काढिल्या, त्याच्याजवळ असें ज्ञान असतें जें कोणत्याही पाठ्यपुस्तकांत नाहीं. तें न विचारतां परत येणारा, भरलेल्या विहिरीपासून तहानलेलाच परततो.

आतां कथेचा शेवट सांगून लेखणी आवरतों. नेव्हिअस १८९३ सालीं चिफू येथेंच वारले. कोरियांत आपल्या पंधरा दिवसांचें काय झालें, हें पाहण्यास ते फार दिवस उरले नाहींत. १९१२ सालीं कोरियन प्रेस्बिटेरियन मंडळीची पहिली सर्वसाधारण सभा भरली. या आनंदाप्रीत्यर्थ आपण परक्या देशांत मिशनरी पाठवावे, असें त्या सभेनें ठरविलें, आणि पुढील वर्षीं तीन कोरियन पाळक समुद्रापलीकडे रवाना झाले. ते गेले कोठें? चीन देशांत, आणि तेंही शांतुंग प्रांतांत, लाइयांग गांवीं, नेव्हिअस यांच्या सफरचंदाच्या बागेपासून फार दूर नव्हे अशा ठिकाणीं. तेवीस वर्षांपूर्वीं ज्या प्रांतांतून एक वृद्ध शिक्षक आला होता, त्याच प्रांतास त्याच्या शिष्यांचे शिष्य शिकवावयास गेले.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं कोणास उद्यां अशा प्रवासाची संधि आली, तर किती दिवस जावयाचें याची काळजी करूं नका. आपण गेल्यावर तेथें काय उरेल, एवढें मात्र निघण्यापूर्वीं स्वतःस विचारा. आणि पालकांस आमची विनंति अशी कीं मुलाच्या पेटींत कपडे भरतांना त्यास हाच प्रश्न आपणही एकदां विचारावा.